पगारातली ६.२ टक्क्यांची कपात आली कुठून?

अमेरिकेत पगारातून आयकर जातोच, शिवाय ‘सोशल सिक्युरिटी’चे ६.२ टक्के वेगळे कापले जातात. मालकही तेवढीच भर घालतो. म्हातारपणाचे आणि अपंगत्वाचे वेतन मुख्यतः या पैशावर चालते.

सरळ तिजोरीतून का देत नाहीत? त्यासाठी १९३५ पर्यंत मागे जावे लागते. महामंदीत अनेक म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी बुडाली होती. साठी उलटलेल्यांना महिना २०० डॉलर द्या, अशी मागणी कॅलिफोर्नियातले डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी देशभर पेटवली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खिरापत नको होती. कामगाराने स्वतः पैसे भरले की तो हक्काने मागेल, मग कुठल्याही पुढाऱ्याला योजना मोडता येणार नाही, असा त्यांचा हिशेब. यात अर्थशास्त्र कमी आणि राजकारण जास्त होते, पण हिशेब चुकला नाही.

कर १९३७ पासून सुरू झाला: पहिल्या ३,००० डॉलरवर दोघांकडून एकेक टक्का. शेतमजूर आणि घरकामगार मात्र वगळलेले, म्हणजे कृष्णवर्णीयांचा मोठा हिस्सा बाहेरच. पहिला मासिक धनादेश जानेवारी १९४० मध्ये व्हर्माँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला, २२.५४ डॉलरचा. त्यांनी कर भरला होता एकूण २४.७५ डॉलर. बाई शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना मिळाले २२,८८८.९२ डॉलर! वरचे पैसे अर्थातच तेव्हा नोकरीत असलेल्यांच्या करातले. आपले पैसे आपल्या नावावर साठतात, हा समज आजही अनेकांचा असतो. तसे कधीच नव्हते.

अपंगत्वाची तरतूद १९५६ मध्ये आली, तीही आधी पन्नाशीपुढच्यांनाच. आज ६.२ पैकी ०.९ टक्के त्या निधीत जातात.

१९५० मध्ये एका लाभार्थ्यामागे सोळा कमावते होते, आता तीनही नाहीत. हे ओळखून १९८३ मध्ये रेगन सरकारने आधीच ठरलेली करवाढ अलीकडे ओढली आणि निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ केले. त्यातून साठलेली शिल्लक सरकारी रोख्यांत गेली. योजनेच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तीच्या निधीतली शिल्लक २०३३ मध्ये संपेल. नंतर येणाऱ्या करातून ७७ टक्केच रक्कम देता येईल. तरीही ठरावीक मर्यादेच्या (२०२५ मध्ये १,७६,१०० डॉलर) वरच्या पगारावर हा कर नाही.

नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचीही कपात होते. निवृत्तिवेतनाला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. जर्मनी, फ्रान्स, जपानशी भारताचे दोन्हीकडची नोकरी एकत्र धरणारे सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांत परतणाऱ्याची ती रक्कम तिथल्याच म्हाताऱ्यांच्या कामी येते.