किर्लोस्करवाडी रेल्वे स्थानक

पुणे–मिरज लोहमार्गावरचे, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातले एक छोटे स्थानक. जुने नाव कुंडल रोड. पुण्याकडून येताना कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी करत गाडी इथे पोचते आणि पुढे आमणापूर, भिलवडी, नांद्रे घेत सांगलीला जाते. स्थानक मध्य रेल्वेच्या पुणे विभागात मोडते. तिकिटावरचे संकेताक्षर ‘केओव्ही’.

रेल्वेच्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘रोड’ दिसले की समजावे, गाव इथे नाही, गावाला जायची वाट इथे आहे. सातारा रोड हे त्याच जुन्या मार्गावरचे दुसरे उदाहरण. त्या नावावर भुलून उतरलेल्याला सातारा गाठायला बरीच मजल मारावी लागे. कुंडल हे जुने, मोठे गाव. डोंगरातल्या पार्श्वनाथाच्या स्थानांमुळे जैन यात्रेकरूंना ठाऊक असलेले. रूळ मात्र गावाबाहेरच्या माळावरून गेले आणि स्थानकही माळावरच उभे राहिले.

हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने घातला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मुंबईकडचा मार्ग ब्रॉडगेज, 1,676 मिलिमीटरचा. त्यामुळे मुंबईचा माल पुण्यात एका वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून दुसरीत भरावा लागे, आणि माणसांनाही तिथे गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नसे. मालकी बदलत गेली: 1908 मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे, आणि पुढे आजची मध्य रेल्वे.

स्थानकाचे नशीब पालटले ते 1910 मध्ये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांचा कारखाना बेळगावात होता. तिथली जागा हातची गेली आणि ते नवी जागा शोधू लागले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात बोलावले. आता औंध संस्थान काही सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले. राजधानी औंधला रूळ नव्हते, आटपाडीला नव्हते, कुंडलला होते. म्हणून कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन ठरली. निवडुंग माजलेले माळरान होते ते. 10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडी या वसाहतीचा स्थापनादिन मानतात.

निवड अचूक होती. ओतकामाच्या कारखान्याला बीड (ओतीव लोखंड) आणि कोळसा लागतो, आणि तयार होतो तो मालही जडच. बैलगाडीवर हा धंदा चालता ना. नांगर खपायला मात्र वेळ लागला, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती विरल्यावर वाडीचे नांगर आणि उसाचे चरक रेल्वेने दूरवर जाऊ लागले. गिऱ्हाइकाच्या हाती आधी बिल्टी (मालाची रेल्वे पावती) पडायची, मग नांगर. 1920 पासून वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिकही निघू लागले. वस्तीचे नाव महाराष्ट्रभर झाले आणि कालांतराने स्थानकाच्या पाटीवरही तेच आले. एरवी स्टेशनाला गावाचे नाव मिळते. इथे स्टेशनामुळे गाव झाले आणि त्या गावाने स्टेशनाचे नाव बदलले.

कुंडल हे 1943 नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक मुख्य ठाणे होते. कुंडल औंध संस्थानात असले तरी भोवतालचा मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेना या सशस्त्र दलाच्या लोकांनी याच मार्गावर शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि तिला मागे जाता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड टाकले. हाती काठ्या, कोयते आणि थोडे गावठी बाँब. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड हे या मोहिमेचे पुढारी. शेणोलीला तिचे स्मारक आहे.

मीटरगेजच्या दिवसांतले स्थानक आठवणारी माणसे दोन वस्तू हमखास सांगतात. एक जाड पुठ्ठ्याचे, दोन बोटे रुंदीचे तिकीट. बाबू ते तारखेच्या यंत्रात सारून खट्‌कन आवाज काढी, आणि तो झाल्याशिवाय तिकीट मिळाल्यासारखे वाटत नसे. दुसरा गोळा. मार्ग एकेरी, म्हणून पुढच्या स्टेशनापर्यंत जाण्याच्या परवानगीची खूण असलेला पोलादी गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. वेताच्या मोठ्या कड्याला कातडी पिशवी, पिशवीत गोळा. न थांबणारी गाडी असली तर ते कडे चालत्या इंजिनातून हात घालून झेलायचे. पंढरपूरला जाणारे वारकरी मिरजेला उतरून नॅरोगेजच्या आणखी छोट्या गाडीत बसत.

पुणे–मिरज मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला आणि वाडीहून मुंबईला थेट जाता येऊ लागले. कोयना, महालक्ष्मी आणि महाराष्ट्र एक्सप्रेस इथे थांबतात. पण स्थानकाची खरी गिऱ्हाइके पॅसेंजरचीच: सांगलीच्या कॉलेजांत जाणारी पासवाली मुले, मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले पेशंट आणि त्यांच्यासोबत डबा घेऊन निघालेले नातलग. कुंडल, पलूस, रामानंदनगर ही भोवतालची गावे याच स्थानकावर अवलंबून. द्राक्षे आणि ऊस मात्र आता ट्रक-ट्रॅक्टरनेच जातात.

मार्ग एकेरी असताना पॅसेंजरला बाजूच्या रुळावर घेऊन एक्सप्रेसला वाट देणे हा इथला जुना रिवाज. ‘क्रॉसिंग आहे’ एवढे म्हटले की कोणी जास्त विचारत नसे. माणसे फलाटावर उतरून पाय मोकळे करत. अलीकडच्या वर्षांत दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाची कामे निघाल्यापासून ही खोळंब्याची वेळ कमी होऊ लागली आहे.