पांढऱ्या तारेचा परतीचा रस्ता

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटले की भाजीपाल्याच्या पाट्या किंवा दुधाचे कॅन वाहणारी छोटी मालगाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत पिकअप ट्रक ही पुष्कळदा घरचीच गाडी असते आणि सुटीच्या दिवशी तिच्यामागे बोटीचा, घोड्यांचा किंवा मुक्कामाच्या कॅराव्हॅनचा ट्रेलर जोडलेला दिसतो. ट्रेलर मागे लागला की ट्रकचे मागचे दिवे बहुधा त्याच्या आड जातात. म्हणून ब्रेक, इंडिकेटर आणि टेललाइट या तिन्ही खुणा ट्रेलरच्या पाठीवर पुन्हा उमटवाव्या लागतात. ते काम ज्या तारांच्या जुडग्याकडे असते त्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. हार्नेस हा शब्द घोडा गाडीला जुंपताना त्याच्यावर चढवायच्या साजासाठीही वापरतात, आणि इथेही तो जुंपण्याच्याच कामी यावा, हे मला फार समर्पक वाटते.

छोट्या ट्रेलरसाठी तिथे चार तारांचा चपटा प्लग सर्रास वापरला जातो. तपकिरी तार टेललाइटची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची आणि पांढरी अर्थची, म्हणजे वीज परत नेणारी. हा प्लग हातात घेऊन नीट पाहावा. ट्रकच्या बाजूला तीन खाचा रबरात झाकलेल्या असतात आणि एकच पिन उघडी असते; ट्रेलरच्या बाजूला नेमके उलट. ट्रेलर सोडल्यावर ट्रकचा प्लग बंपरखाली लोंबकळत राहतो आणि त्याच्या तीन तारांत वीज असू शकते. त्यांपैकी एखादी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली तर फ्यूज उडेल. उघडी ठेवलेली पिन पांढऱ्या तारेची असते. ती लोखंडाला टेकली तरी काही बिघडत नाही, कारण ती मुळातच चासीला जोडलेली असते.

ब्रेकलाइटला वेगळी तार नाही, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. पारंपरिक अमेरिकी पद्धतीत ब्रेक आणि इंडिकेटर यांसाठी बल्बमधले एकच मोठे फिलामेंट वापरतात: ब्रेक दाबला की दोन्ही बाजू स्थिर लाल पेटतात आणि डावीकडे वळायचे असेल तर त्यातली डावी बाजू उघडझाप करू लागते. ज्या गाड्यांत पिवळा इंडिकेटर स्वतंत्र असतो, त्यांना असा ट्रेलर जोडताना ब्रेक आणि इंडिकेटर या दोन खुणा एकाच तारेवर आणणारा एक कन्व्हर्टर मध्ये लागतो. त्याचे काम वाटते तितके सोपे नाही. इंडिकेटरच्या दोन उघडझापींच्या मधल्या अंधारातही ब्रेकची वीज चालूच असते; ती तशीच ट्रेलरकडे पाठवली तर दिवा सलग पेटलेला राहील आणि वळणाची खूण दिसणारच नाही. म्हणून त्या बाजूचा इंडिकेटर सुरू आहे हे लक्षात ठेवून कन्व्हर्टरला तिथली ब्रेकची वीज तेवढा वेळ अडवून धरावी लागते.

मात्र ट्रेलरच्या दिव्यांची तक्रार आली की जाणता मेकॅनिक कन्व्हर्टरकडे जाण्याआधी पांढऱ्या तारेकडे वळतो. समजा, डावा इंडिकेटर दिला आणि ट्रेलरचा डावा दिवा मिणमिणता झाला, पण त्याच लयीत उजवाही हलकेच लुकलुकू लागला. हेडलाइट लावताच लक्षणे पुन्हा बदलली. पाहणाऱ्याला वाटते की तारा उलटसुलट जोडल्या गेल्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सगळ्या तारा जागच्या जागी असतात, फक्त पांढऱ्या तारेचे थिंबल, म्हणजे तिच्या टोकाची बोल्टने आवळायची धातूची कडी, गंजून चासीपासून सुटलेले असते.

इथे वीज करते काय, ते पाहण्यासारखे आहे. ट्रेलरच्या साध्या बल्बमध्ये ब्रेक-इंडिकेटरचे मोठे आणि टेललाइटचे लहान अशी दोन फिलामेंट असतात आणि दोन्हींचे दुसरे टोक बल्बच्या पितळी टोपीला, म्हणजे अर्थला जोडलेले असते. पिवळ्या तारेतून आलेला प्रवाह डाव्या बल्बचे मोठे फिलामेंट ओलांडून ट्रेलरच्या चासीत उतरतो, पण तिथून ट्रकमध्ये परतण्याचा हमरस्ता बंद असतो. मग तो उजव्या बल्बच्या टोपीतून उलटा वर चढतो, त्याचे फिलामेंट ओलांडून हिरव्या तारेने ट्रककडे निघतो आणि ट्रकच्या उजव्या दिव्यातून त्याच्या चासीला पोहोचतो. लहान फिलामेंटमधून तपकिरी तारेनेही असाच आडमार्ग सापडतो. बंद बल्बचे फिलामेंट थंड असते आणि थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच भरतो, त्यामुळे या आडमार्गावर सुरुवातीला फारशी अडवणूकही होत नाही. हेडलाइट लावल्यावर तपकिरी तारेत स्वतःचीच वीज येते, तो आडमार्ग बंद होतो आणि प्रवाह नवी वाट शोधतो; म्हणून लक्षणे बदलतात. एलईडी दिव्यांत हा खेळ सहसा होत नाही, कारण एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो. अर्थ तुटला की असे दिवे बहुधा सरळ विझतात.

ट्रेलर ट्रकला लोखंडी गोळ्यानेच जोडलेला असतो, मग वीज तिथूनच का परतू नये, असे कोणी विचारेल. परततेही, पण भरवशाने नाही. त्या गोळ्यावर ग्रीस असते, गंज असतो आणि खड्ड्यागणिक तिथला स्पर्श कमीजास्त होत असतो.

तार शाबूत असली तरी तिची जाडी महत्त्वाची ठरते. मोठ्या फिलामेंटला सुमारे २.१ अँपिअर आणि लहानाला ०.६ अँपिअर लागतात. रात्री ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ५.४ अँपिअर एकट्या पांढऱ्या तारेतून परततात. १६ गेजची, म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटरची आठ मीटर तांब्याची तार धरली तर तिचा रोध ०.१ ओहमच्या आसपास येतो आणि परतीच्या वाटेवरच अर्धा व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. जातानाचे नुकसान मिळवले तर १२.८ व्होल्टच्या जागी बल्बला जेमतेम १२ व्होल्ट मिळतात. फरक किरकोळ वाटतो, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, म्हणून उजेड सुमारे एक पंचमांशाने घटतो.

मोठ्या ट्रेलरना सात पात्यांचा गोल प्लग असतो आणि तिथे प्रश्न उजेडापुरता राहत नाही, कारण त्यातल्या निळ्या तारेवर ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालतात. चाकाच्या ड्रममधले विद्युतचुंबक वीज मिळताच फिरत्या ड्रमला चिकटू पाहतात, त्याच्याबरोबर ओढले जातात आणि एका दांड्यामार्फत ब्रेकशू दाबतात. चार चाकांच्या चार चुंबकांना प्रत्येकी ३ अँपिअर धरले तर १२ अँपिअर लागतात, म्हणजे त्यांचा एकत्रित रोध १ ओहमच झाला. गंजलेल्या सांध्याने त्यात अर्ध्या ओहमची भर घातली की प्रवाह ८ अँपिअरवर येतो आणि ब्रेकचा जोर चांगलाच उतरतो. रंगाच्या भरवशावर राहण्यातही धोका आहे: पाच तारांच्या चपट्या प्लगमध्ये निळी तार रिव्हर्स लाइटची असते, सात पात्यांच्या प्लगमध्ये तीच ब्रेकची.

बोटीच्या ट्रेलरची दशा सर्वांत वाईट, कारण बोट उतरवताना तो मागच्या बाजूने पाण्यातच घालावा लागतो. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो. म्हणून उतारावर जाण्याआधी प्लग काढून बल्ब निवू देण्याची पद्धत आहे. खारे पाणी तर तारेच्या पेडांमधून केशाकर्षणाने आत चढते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या आवरणाखाली तांबे हिरवे पडते.

अशी तार मल्टिमीटरलाही फसवते. दहा पेडांपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला नगण्य प्रवाह लागतो आणि तेवढ्याने त्या पेडावर दाब पडत नाही. म्हणून मोजमाप दिवे पेटवून, भार असतानाच करावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे एक लांब, जाड तार घेऊन तिचे एक टोक ट्रकच्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ट्रेलरच्या चासीवर खरवडून काढलेल्या उघड्या लोखंडाला लावायचे. दिवे तत्क्षणी ताळ्यावर आले तर प्लगजवळ पांढरी तार चासीला जोडणारा तो एक बोल्ट सोडावा, त्याखालचा रंग आणि गंज कानशीने घासावा, नवे थिंबल दातेरी वॉशरसह आवळावे आणि वरून ग्रीसचा थर द्यावा.