भावना मंदावल्या की निर्णयही अडतो: एका सिद्धान्ताची पार्श्वभूमी

निर्णय घेताना भावनांना लगाम घालावा, हा उपदेश फार जुना आहे. कठोपनिषदात बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत; प्लेटोच्या संवादातही सारथ्याला दोन घोडे आवरावे लागतात. बुद्धी ही भावनांची दासी आहे, असे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात ठामपणे मांडले खरे, पण भावनांशिवाय निर्णयही अडतो, या सिद्धान्ताला प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो पुढे मेंदूच्या रुग्णांकडून.

१८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गाच्या कामावर झालेल्या स्फोटात फिनियस गेज याच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, मात्र त्याचा स्वभाव पालटल्याची नोंद त्याच्या डॉक्टरांनी केली. हे उदाहरण सर्वत्र दिले जात असले, तरी त्याविषयीच्या मूळ नोंदी इतक्या त्रोटक आहेत की त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

त्याहून भक्कम आधार मज्जातज्ज्ञ अंतोनिओ दामासिओ यांनी अभ्यासलेल्या रुग्णांचा आहे. त्यांपैकी ‘एलियट’ या टोपणनावाच्या रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ काढल्यावर बुद्धिमत्ता आणि स्मरणशक्ती शाबूत राहिली. पण भावना मंदावल्या, नोकरी गेली, संसार मोडला. अशाच एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तेव्हा तो जवळजवळ अर्धा तास हवामान, इतर कामे अशी दोन्ही बाजूंची कारणे मांडत राहिला. अखेर दामासिओंनीच एक तारीख सांगितली आणि त्याने ती मुकाट मान्य केली. कारणांची त्याला वाण नव्हती. अमुक एक कारण अधिक मोलाचे वाटणे, एवढेच त्याच्यापाशी उरले नव्हते.

आयोवा विद्यापीठात १९९४ मध्ये आंत्वान बेशारा आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. दोन गड्ड्यांत बक्षीस मोठे, पण अखेरीस तोटा होता. उरलेल्या दोहोंत बक्षीस लहान, पण अखेरीस नफा होता. निरोगी माणसांच्या तळहाताला तोट्याच्या गड्ड्याकडे हात नेताना सूक्ष्म घाम येऊ लागे, आणि तोही त्यांना डाव नेमका उमगण्याआधी, असे १९९७ च्या प्रयोगात आढळले. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्ये ही पूर्वसूचना उमटलीच नाही.

या निष्कर्षावर २००४ मध्ये गंभीर आक्षेप आला: बारकाईने प्रश्न विचारले, तर खेळणाऱ्यांना डाव बराच आधी कळलेला दिसतो. त्यामुळे शरीराची सूचना जाणिवेच्या आधी येते, हा दावा डळमळीत झाला. तारीख न ठरवू शकणाऱ्या रुग्णाचे कोडे मात्र या आक्षेपाने सुटत नाही.