बेलूनो येथील अल्पखर्चाचा हॉटेल-मुक्काम : आरक्षणापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

व्हेनिस पाहून झाल्यावर दोन-चार दिवस डोलोमाइट पर्वतांत काढावेत, पण खर्च हाताबाहेर जाऊ नये, अशी इच्छा असलेल्या ग्राहकांना आम्ही बहुधा बेलूनो या शहराचे नाव सुचवतो. हे नाव ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की मग कोर्तिनाला का नको. कोर्तिना दाम्पेत्झो हे १९५६ आणि २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमुळे जगाला ठाऊक झालेले, १,२२४ मीटर उंचीवरचे पर्यटनगाव असून तेथील भाव त्याच्या कीर्तीला साजेसेच असतात. बेलूनो त्याच जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतात, पियाव्हे नदीला आर्दो ही छोटी नदी मिळते तेथील उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३९० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची लोकवस्ती सुमारे पस्तीस हजार आहे. जिल्हा कचेरी, न्यायालय आणि मोठे रुग्णालय येथे असल्यामुळे कामानिमित्त येणाऱ्यांची ये-जा बाराही महिने चालू असते, आणि त्यांच्यासाठी असलेली साधी, स्वच्छ हॉटेले केवळ पर्यटकांच्या हंगामावर जगत नाहीत. उंचावरच्या गावांतील कित्येक हॉटेले नोव्हेंबरात आणि एप्रिलच्या सुमारास कुलूप लावून बसतात, त्या दिवसांतही येथे खोली मिळते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे योग्य ठरेल. खिडकी उघडताच समोर बर्फाच्छादित सुळके दिसावेत, हीच ज्यांची मुख्य अपेक्षा असेल त्यांचा बेलूनोत थोडा विरसच होईल. शहराच्या उत्तरेस स्कियारा हा २,५६५ मीटर उंचीचा पर्वत स्वच्छ हवेत सुरेख दिसतो, परंतु छायाचित्रांतून परिचित असलेले डोलोमाइटचे सुळके पाहण्यासाठी बसने एक-दोन तास पुढे जावे लागते. बेलूनो हा मुक्कामाचा तळ आहे. सकाळी तेथून निघावे आणि संध्याकाळी परत यावे, असाच बेत त्याला मानवतो, आणि हॉटेल निवडतानाही हीच बाब ध्यानात ठेवावी लागते.

खोलीचे भाडे आणि खोलीची जागा

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर भाड्याच्या चढत्या क्रमाने यादी लावली, की सर्वांत वर बहुधा शहराबाहेरच्या खोल्या येतात. काही पियाव्हेच्या पलीकडे कास्तिओनच्या बाजूला असतात, काही त्याहूनही वर नेवेगालच्या डोंगरावर. नेवेगाल शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर आहे. जागा रम्य आहे, हवा थंड आहे आणि स्वतःची गाडी असणाऱ्याला ती आम्हीही सुचवू. परंतु आमचे बहुतेक ग्राहक रेल्वेने येतात आणि बसने फिरतात. शहरातली खोली दोघांसाठी रात्रीला ९५ युरो आणि डोंगरावरची ७० युरो आहे, असे धरून चालू. चार रात्रींत शंभर युरो वाचल्यासारखे वाटतात. पण संध्याकाळी परत येताना स्थानिक बस चुकली आणि दररोज पंचवीस युरो टॅक्सीला मोजावे लागले, तर ते शंभर युरो तेथेच संपतात आणि जेवायला शहरात थांबण्याची मोकळीकही उरत नाही. इटलीतील छोट्या शहरांत रिक्षासारखी हात दाखवून टॅक्सी थांबत नाही. ती फोन करून बोलवावी लागते आणि रात्री ती मिळेलच असे गृहीत धरू नये. म्हणून आमचा आग्रह असा, की खोली रेल्वे स्थानकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत असावी, भाडे थोडे अधिक पडले तरी चालेल.

बेलूनोत हे साधणे अवघड नाही. रेल्वे स्थानकापासून शहराच्या मुख्य चौकापर्यंत, म्हणजे पियात्सा देई मार्तिरीपर्यंत, सामान घेऊनही दहा-बारा मिनिटांत पोहोचता येते. डोलोमिती बस या जिल्हा बससेवेच्या गाड्या रेल्वे स्थानकासमोरूनच सुटतात, त्यामुळे पहाटेची बस गाठण्यासाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही. पियात्सा देई मार्तिरी हा मधोमध बाग आणि एका बाजूने कमानींची लांब ओसरी असलेला प्रशस्त चौक आहे. मार्च १९४५ मध्ये जर्मन सैन्याने येथे प्रतिकार चळवळीतील तरुणांना फाशी दिले, त्यांच्या स्मरणार्थ त्याला हुतात्म्यांचे नाव आहे. त्याच्यापुढे जुने शहर लागते. बेलूनो १४०४ पासून सुमारे चार शतके व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होते, आणि घड्याळाचा मनोरा असलेला तेथील जुन्या राज्यपालांचा वाडा पाहिला, की आदल्या दिवशी पाहिलेल्या व्हेनिसची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

भाड्याने मोटार घेणाऱ्यांसाठी येथेच दोन शब्द. जुन्या शहरात वाहनांना सरसकट प्रवेश नाही आणि मनाई असलेल्या भागात चुकून शिरल्यास कॅमेरा क्रमांक टिपतो. दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी पोहोचतो. नदीकाठच्या लांबिओई येथे मोठा वाहनतळ आहे आणि तेथून सरकत्या जिन्यांनी थेट जुन्या शहरात वर येता येते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आवश्यक आहे.

भाड्यात काय येते, काय येत नाही

दोघांच्या साध्या खोलीसाठी एरवी रात्रीला ७० ते ११० युरो आणि ऑगस्टमध्ये त्याहून अधिक, असा अंदाज धरून अंदाजपत्रक आखावे. मात्र दोन हॉटेलांचे भाडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यापूर्वी त्या आकड्यांत काय काय समाविष्ट आहे, हे पाहणे आवश्यक आहे. पर्यटकांकडून घेतला जाणारा मुक्काम-कर, ज्याला तेथे ‘तास्सा दी सोज्जोर्नो’ म्हणतात, दरडोई दर रात्री आकारला जातो आणि तो बहुधा ऑनलाइन भरलेल्या रकमेत नसतो. हॉटेल सोडताना तो वेगळा द्यावा लागतो आणि लहान ठिकाणी रोख मागितला जातो. रक्कम थोडी असते, पण चौघांच्या कुटुंबाला पाच रात्रींसाठी ती वीस वेळा मोजली जाते. पावती अवश्य मागावी.

न्याहारीच्या बाबतीत आमचे मत थोडे वेगळे आहे. खोलीच्या भाड्यात न्याहारी धरलेली असेल तर उत्तमच. परंतु तिच्यासाठी माणशी आठ-दहा युरो जास्त मागत असतील, तर ती घेऊ नये. इटलीत कोपऱ्याकोपऱ्यावर ‘बार’ असतो आणि तेथे सकाळी मद्य नव्हे, कॉफी विकली जाते. गल्ल्याशी उभे राहून कापुचिनो आणि ताजा कोर्नेत्तो, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा गोडसर पाव, घेतला, की तीन-चार युरोंत न्याहारी होते. तेच टेबलाशी बसून घेतले, तर काही ठिकाणी दर वाढतो.

इटलीतील हॉटेलांचे तारे सुविधांवर ठरतात, स्वच्छतेवर नव्हे. एका ताऱ्याच्या कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलात चादरी शुभ्र असू शकतात आणि स्नानगृह मात्र इतर खोल्यांसोबत सामाईक असू शकते. म्हणून वर्णनात ‘बान्यो प्रिव्हातो’, म्हणजे स्वतंत्र स्नानगृह, असे आहे का ते पाहावे. दोघांच्या खोलीचेही प्रकार आहेत. ‘मात्रिमोनियाले’ खोलीत एकच मोठा पलंग असतो. दोन मैत्रिणी, किंवा आई आणि मोठा मुलगा असे प्रवासी असतील, तर दोन स्वतंत्र पलंग हवेत हे आरक्षण करतानाच लेखी कळवावे लागते, कारण लहान हॉटेलात ऐन वेळी बदल करायला दुसरी खोली शिल्लक नसते. उद्वाहन (लिफ्ट) आहे का, हा प्रश्न गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी टाळू नये. जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावरची खोली स्वस्त असण्याचे कारण पुष्कळदा तेच असते. वातानुकूलन नसले तरी फारसे बिघडत नाही. उन्हाळ्यातील रात्रीही येथे बऱ्यापैकी थंड असतात.

घरगुती मुक्कामाच्या जागा आणि अल्पमुदतीच्या भाड्याची घरे यांना जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक झाला असून तो जाहिरातीत दाखवावा लागतो. असा क्रमांक न दिलेली जागा कितीही स्वस्त असली तरी आम्ही तिचे आरक्षण करत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हॉटेलवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे मूळ पासपोर्ट मागितला गेल्यास त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. लहान हॉटेलांत रात्री स्वागतकक्षावर कोणी नसते. आठनंतर पोहोचणार असाल, तर ते आधी कळवून दरवाजाची व्यवस्था विचारून ठेवावी.

केव्हा जावे

उंचावरच्या पायवाटांवरील ‘रिफूजो’ नावाची विश्रामगृहे साधारणपणे २० जून ते २० सप्टेंबर या काळात उघडी असतात आणि डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांची (केबल कारची) बरीच सेवाही याच काळात चालते. दुसरीकडे १५ ऑगस्ट हा इटलीत मोठ्या सुटीचा दिवस असून त्याच्या मागचेपुढचे दोन आठवडे सारा देश डोंगराकडे किंवा समुद्राकडे निघालेला असतो. या दोन्हींचा मेळ घातला, तर जूनचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे दिवस सर्वांत सोयीचे पडतात. मे महिन्याची शाळेची सुटी आपल्याला सोयीची असली, तरी त्या वेळी उंचावर बर्फ असते आणि बसच्या फेऱ्याही उन्हाळी वेळापत्रकापेक्षा कमी असतात. मेमध्ये जाणाऱ्यांनी बेलूनो, फेल्त्रे आणि लोंगारोने एवढाच बेत ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून उंचावर जाणे सकाळीच उरकावे.

रविवारी आणि सणाच्या दिवशी बसच्या फेऱ्या लक्षणीय कमी होतात. यासाठी दूरच्या सहली सोमवार ते शुक्रवार या दिवसांत ठेवाव्यात, शनिवारी शहराच्या मध्यभागी भरणारा आठवडी बाजार पाहावा आणि रविवारी रेल्वेने जाता येईल अशा ठिकाणी जावे. फेल्त्रे हे तटबंदीचे सुंदर गाव रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर आहे. लोंगारोनेला जाताना मात्र थोडे वाचून जावे. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराचा प्रचंड कडा कोसळला, पाणी धरणावरून उसळून खाली आले आणि लोंगारोने व आसपासच्या वस्त्यांतील सुमारे दोन हजार माणसे मेली. धरणाची भिंत तशीच उभी राहिली आणि ती आजही तेथे आहे. पानशेतची आठवण सांगणारी माणसे ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या जागेबद्दल अधिक सांगावे लागत नाही.

जाणे, येणे आणि शेवटची रात्र

व्हेनिस किंवा मेस्त्रे (व्हेनिसचाच मुख्य भूमीवरील भाग) येथून बेलूनोला प्रादेशिक रेल्वेने साधारण दोन तास लागतात; बऱ्याच गाड्यांसाठी कोनेल्यानो किंवा अन्य स्थानकावर गाडी बदलावी लागते. या गाड्यांचे भाडे अंतरावर ठरलेले असते आणि दोन महिने आधी काढल्याने तिकीट स्वस्त होत नाही, त्यामुळे घाईने आगाऊ तिकिटे घेण्याचे कारण नाही. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात टाकून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो. बसचे तिकीटही आधी घेतलेले बरे, कारण चालकाकडून घेतल्यास ते महाग पडते.

इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते बहुतेक वेळा आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत आवश्यक प्रादेशिक गाड्या संपातही चालवल्या जातात. तरीही परतीचे विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी सकाळी बेलूनोहून निघण्याचा बेत आम्ही कोणालाही सुचवत नाही; शेवटची रात्र मेस्त्रेत काढावी. बेलूनोहून एका दिवसासाठी व्हेनिसला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की वर्षातील काही ठरावीक दिवशी मुक्काम न करता येणाऱ्या पाहुण्यांना व्हेनिस शहर प्रवेशशुल्क आकारते.

जेवण

शाकाहारी ग्राहकांची येथे उपासमार होत नाही. मक्याच्या पिठाची पोलेंता आणि तव्यावर भाजलेले ‘स्किझ’ चीज हे येथील घरोघरचे जेवण आहे, लामोनचा राजमा प्रसिद्ध आहे आणि ‘काझुन्त्सिएई’ नावाच्या करंजीच्या आकाराच्या पास्त्यात बीटाचे सारण भरून वर लोणी आणि खसखस घालतात. जैन ग्राहकांना अर्थातच बीट चालणार नाही. त्यांनी सारण विचारून घ्यावे. राजम्याच्या सूपमध्ये मांसाचा तुकडा घातलेला असू शकतो, तेही विचारावे. स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सातनंतर उघडतात. बिलातील ‘कोपेर्तो’ ही माणशी एक-दोन-तीन युरोंची रक्कम टेबलाशी बसण्याचे शुल्क असते, ती चूक नव्हे.

घरून खाऊ नेणाऱ्यांसाठी : दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप, पेढे, खवा आणि पनीर सामानात ठेवू नये. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही नेऊ नयेत. चिवडा, बाकरवडी, मेतकूट यांसारख्या कोरड्या वस्तू चालतात. हॉटेलच्या खोलीत शेगडी किंवा विजेचा कुकर लावू नये. खिचडी स्वतः करण्याची इच्छा असेल, तर स्वयंपाकघरासह भाड्याचे घर हवे, असे आम्हाला आधी सांगावे. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. आपल्या तीन गोल पिनांचा प्लग तेथे बसत नाही, जोडणी (अ‍ॅडॉप्टर) सोबत ठेवावी.

व्हिसा आणि रद्द करण्याच्या अटी

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे आरक्षण करू नये, ते दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त दिसले तरीही. विनाशुल्क रद्द करता येणाऱ्या आरक्षणाची अंतिम तारीख इटलीच्या वेळेनुसार मोजली जाते आणि ती आम्ही आपल्या पावतीवर ठळक लिहून देतो. व्हिसा मिळाल्यावर भाडे पुन्हा तपासून, स्वस्त पर्याय उपलब्ध असल्यास आरक्षण बदलून देण्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही.

आरक्षणासाठी कार्यालयात येताना सर्व प्रवाशांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या प्रती आणाव्यात, पलंगांची रचना, जिने चढण्याची अडचण आणि जेवणातील पथ्य लिहून द्यावे, आणि व्हेनिसला उतरण्याची वेळ ठरली नसेल तर अंदाजे वेळ तरी कळवावी, म्हणजे बेलूनोची शेवटची सोयीची गाडी पाहून पहिली रात्र कोठे ठेवायची ते ठरवता येईल.