महिन्याचं पिल्लू आणलं तरच ते माणसाळतं?

‘मांजराचं पिल्लू जितकं लहान आणाल तितका लळा लागतो, महिन्याचं झालं की घेऊन या,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा खरा काळ साधारण २ ते ७ आठवड्यांचा. पण त्यासाठी त्याला आईपासून तोडावं लागत नाही. आईजवळ असतानाच रोज थोडा वेळ, शक्यतो वेगवेगळ्या माणसांनी हळुवार हाताळलं की काम होतं. याच काळात ते भावंडांशी कुस्ती खेळतं. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ थांबतो. चावा कुठं आवरायचा हे ते असं शिकतं. लवकर तोडलेली काही पिल्लं पुढे हात ओरबाडतात, लोकर चोखत बसतात, बुजरी होतात. महिन्याच्या पिल्लाचं दूधही पुरतं सुटलेलं नसतं, आणि गाईच्या दुधानं जुलाब लागतात.

म्हणून किमान ८ आठवडे, जमल्यास १२.

वय सांगोवांगी मानू नका. ४ आठवड्यांचं पिल्लू साधारण ४५० ग्रॅम भरतं, ८ आठवड्यांचं ९०० च्या आसपास. तोंड उघडून बघा: ८ आठवड्यांला दुधाच्या दाढा आलेल्या असतात. डोळे अजून गडद निळे असतील तर बहुधा घाई होतेय. आणि वयापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जमिनीवर शांत बसून हात पुढे करा. हाताळलेलं पिल्लू थोड्या वेळात हुंगायला येतं.

मोठं मांजरही जीव लावतं, फक्त त्याला काही आठवडे द्यावे लागतात.