चित्रपटातील मानवंदना

आधीच्या चित्रपटातले एखादे दृश्य, चौकट (फ्रेम), संवाद, पात्र किंवा ध्वनी नव्या चित्रपटात जाणीवपूर्वक योजणे आणि प्रेक्षकाने तो ओळखावा अशी अपेक्षा ठेवणे, याला मानवंदना किंवा होमाज म्हणतात. उचलेगिरी करणारा मूळ लपवतो. मानवंदना देणारा ते दिसेल असे ठेवतो. रिमेकमध्ये सबंध कथाच नव्याने चित्रित होते, तर विडंबनात मुळाची थट्टा असते. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत सहज मिसळतात.

सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) मधली ओडेसाच्या पायऱ्यांवरून घरंगळणारी बाबागाडी हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. ब्रायन डी पामा यांनी ‘द अनटचेबल्स’ (१९८७) मध्ये ती शिकागोच्या रेल्वे स्थानकातल्या जिन्यावर आणली. मुळात सैनिक निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडत असतात आणि गाडी थांबवायला कोणी उरलेले नसते. डी पामांकडे पोलीस आणि गुंडांची चकमक आहे, आणि गाडी वाचते. राजकीय आक्रोशाचा निव्वळ थरार झाला, हा आक्षेप चुकीचा नाही. पण मूळ दृश्य न पाहिलेल्या प्रेक्षकाचाही श्वास तिथे अडकतो. ओळख पटली नाही तरी दृश्य उभे राहते का, हीच मानवंदनेची खरी कसोटी. पुढे ‘नेकेड गन ३३ १/३’ने (१९९४) डी पामांच्याच जिन्याचे विडंबन केले.

जुन्या चित्रपटांवर पोसलेली पिढी दिग्दर्शनात आली तेव्हा ही प्रथा उघडपणे रुजली. फ्रान्समधले समीक्षक दिग्दर्शक झाले. जाँ-ल्यूक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’ (१९६०) मधला नायक अमेरिकी नट हम्फ्री बोगार्टच्या छायाचित्रापुढे उभा राहून त्याची ऐट उचलतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘गुडफेलाज’च्या (१९९०) शेवटी, कथेत आधीच मारला गेलेला टॉमी थेट कॅमेऱ्यावर गोळ्या झाडतो. हे दृश्य एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’मधले (१९०३). तिथे ते सुरुवातीला दाखवावे की शेवटी, हे चित्रपटगृहाच्या चालकावर सोडले होते!

उसनवारीची सर्वांत गुंतागुंतीची साखळी वेस्टर्नपटांत, म्हणजे काउबॉय आणि बंदूकधाऱ्यांच्या चित्रपटांत, सापडते. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा हे अमेरिकी वेस्टर्नपटांचे दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचे चाहते होते. कुरोसावांच्या ‘योजिम्बो’वरून (१९६१) सेर्जिओ लिओने यांनी परवानगी न घेता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला. खटला गुदरला, तडजोड झाली आणि जपानी बाजूला उत्पन्नातला १५ टक्के वाटा मिळाला. याच लिओनेंनी ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) जुन्या वेस्टर्नपटांच्या संदर्भांनी भरून टाकला. सुरुवातीला गाडीची वाट पाहणारे तिघे बंदूकधारी ‘हाय नून’ची (१९५२) आठवण करून देतात. पडद्यावर सज्जन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हेन्री फोंडाला त्यांनी लहान मुलाचा खुनी केले. इथे उसनी घेतली आहे ती नटाची प्रतिमा. त्याच चित्रपटातल्या कुटुंबाच्या हत्याकांडाची छाया ‘शोले’त (१९७५) ठाकूरच्या घरावर पडलेली दिसते.

कॉपीराइट कायदा कल्पनेला नव्हे, तिच्या मांडणीला संरक्षण देतो. त्यामुळे एखादी चौकट उचलल्याबद्दल सहसा कोणी न्यायालयात जात नाही. पटकथाच घेतली तर प्रकरण तिथवर पोहोचते.

काही उसनवाऱ्या काळाच्या ओघात सर्वांच्या होतात. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’त (१९५८) भोवळ दाखवण्यासाठी कॅमेरा एका दिशेला सरकवून झूम उलट दिशेला केला होता. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘जॉज’मध्ये (१९७५) समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या पोलीस प्रमुखाची भीती त्याच युक्तीने दाखवली. आज ती चित्रभाषेचा भाग आहे. तिला कोणी मानवंदना म्हणत नाही. दुसऱ्या टोकाला गस व्हॅन सँट यांचा ‘सायको’ (१९९८). हिचकॉकच्या १९६० च्या चित्रपटाची त्यांनी जवळजवळ चौकटीमागून चौकट अशी रंगीत प्रत काढली. पण चौकटी जुळल्या तरी धास्ती आली नाही.

ध्वनीचाही एक संप्रदाय आहे. ‘डिस्टंट ड्रम्स’साठी (१९५१) ध्वनिमुद्रित झालेली एक किंकाळी ‘विल्हेल्म स्क्रीम’ म्हणून ओळखली जाते. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी ती ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) वापरली आणि नंतर असंख्य चित्रपटांत ती ऐकू येऊ लागली. बहुतेक प्रेक्षकांच्या ती ध्यानातही येत नाही. ध्वनिसंयोजकांची ती आपसातली गंमत आहे.