डॅनियल (चित्रपट)

सिडनी ल्युमेट दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट (१९८३). ई. एल. डॉक्टरो यांच्या ‘द बुक ऑफ डॅनियल’ (१९७१) या कादंबरीवर आधारित, पटकथाही त्यांचीच. कथेच्या मुळाशी रोझेनबर्ग खटला आहे. अणुबॉम्बची गुपिते सोव्हिएत संघाला पुरवण्याच्या कटाबद्दल ज्यूलिअस व एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला १९ जून १९५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीत देहदंड दिला गेला. मागे दहा आणि सहा वर्षांचे दोन मुलगे राहिले.

चित्रपटात या दांपत्याचे नाव आयझॅकसन आहे आणि मुले डॅनियल (टिमोथी हटन) व त्याची धाकटी बहीण सुझन (अमांडा प्लमर) अशी आहेत. सुझन आतून खचत जाते, तेव्हा इतकी वर्षे आईवडिलांचा विषय टाळत आलेला डॅनियल त्यांच्या खटल्यामागचे सत्य शोधायला निघतो. प्रत्यक्षात एथेलच्या सख्ख्या भावाने, डेव्हिड ग्रीनग्लासने, या दांपत्याविरुद्ध साक्ष दिली होती. इथे तो साक्षीदार म्हणजे कुटुंबाचा स्नेही, दंतवैद्य मिंडिश. डॅनियल अखेर त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण तोवर म्हाताऱ्या मिंडिशची स्मृती गेलेली असते. ज्याला विचारायचे, त्यालाच काही आठवत नाही. संपूर्ण चित्रपटात याहून जिव्हारी लागणारा प्रसंग नाही.

रंगांची योजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. छायालेखक आंजेय बार्तकोवियाक यांनी आईवडिलांचा काळ सोनेरी, तर डॅनियलचे वर्तमान गार निळसर ठेवले आहे. कथा पुढे सरकते तसे हे दोन्ही रंग निवळत जाऊन नेहमीच्या रंगांशी येऊन मिळतात. कृष्णवर्णीय अमेरिकन गायक पॉल रॉबसनची गाणी पार्श्वसंगीतात आहेत. आईवडिलांच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेच्या गर्दीत दोन्ही लहानग्यांना डोक्यांवरून हातोहात व्यासपीठाकडे नेले जाते. आईवडिलांना वाचवू पाहणारी माणसेच मुलांना झेंड्यासारखी वापरतात, हे ल्युमेटने एकही वाक्य न बोलता दाखवले.

आयझॅकसन दोषी होते की नाही, याचा निकाल चित्रपट देत नाही आणि त्यासाठी त्याच्यावर टीकाही झाली. तिकीटबारीवर तो चालला नाही. पुढे १९९५ मध्ये खुल्या झालेल्या ‘वेनोना’ कागदपत्रांतून (अमेरिकेने उकललेले सोव्हिएत गुप्त संदेश) ज्यूलिअसच्या हेरगिरीला दुजोरा मिळाला. एथेलविरुद्धचा पुरावा मात्र आजही वादग्रस्त आहे. तिने गुप्त माहितीची टिपणे टंकलिखित केल्याची साक्ष आपल्याला आठवत नसताना दिली, असे ग्रीनग्लासने २००१ मध्ये कबूल केले. एथेलवरील कलंक पुसला जावा यासाठी तिच्या मुलांनी दशकानुदशके पाठपुरावा केला.